परब सरांची डिझेलची तुकडी

आमच्या आयटीआयच्या जुन्या स्टाफचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सकाळचे सुविचार आणि फुलांचे फोटो टाकायला सक्त मनाई. टाकलाच कुणी, तर दंड म्हणून त्यानं तिथला एक किस्सा सांगायचा. झालं काय, लोक मुद्दाम गुलाबाची फुलं टाकायला लागले! कारण किस्से सगळ्यांकडेच साचलेले. वर्कशॉपमधला लोखंडाचा चुरा संध्याकाळी कितीही झाडून काढा, सकाळी कोपऱ्यात थोडा सापडतोच, तशातला प्रकार.

मी तिथं गणित शिकवायचे. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारातून थोडं पुढं गेलं, की काजूच्या बागेला लागून आमची इमारत. शिवण, वायरिंग, फिटर आणि डिझेल मेकॅनिक असे चार वर्ग. डिझेलचे निदेशक, म्हणजे शिकवणारे, परब सर. बुटके, तोंडानं फटकळ, आणि रुमालाऐवजी खिशात कायम इंजिन पुसायचं फडकं! घाम त्याच फडक्यानं पुसायचे, त्यामुळे दुपारनंतर त्यांच्या कपाळावर एक काळा पट्टा उठायचा. मी रिटायर झाले तेव्हा निरोपाचं भाषण मी कोरड्या डोळ्यांनी केलं, पण हा माणूस फडक्यानं डोळे पुसायला लागला आणि माझा बांध फुटला.

डिझेलच्या तुकडीवर कायम टांगती तलवार असे. जागा भरल्या नाहीत, की तुकडी बंद. सरांची बदली झाली असती, पगार काही थांबला नसता. पण आतल्या गावांतली पोरं सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळी घरी जाऊन गुरं बांधायची, भातकापणीला दांडी मारायची आणि तरीही हातात काहीतरी घेऊन बाहेर पडायची. मुंबईला खोली नाही, कोल्हापूरच्या हॉस्टेलची ऐपत नाही, अशांना शिकण्याचा हा एकच रस्ता होता. तो आपल्या हयातीत बंद होऊ नये, एवढाच सरांचा हट्ट. त्यातूनच हे सगळे किस्से झाले.

*

दहावीचा निकाल लागला, की आमचा कोकण विभाग राज्यात पहिला आल्याच्या बातम्या येतात. नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फ्लेक्स! सगळ्या जिल्ह्याला आनंद, आणि परब सर तेवढे सुतकात. कारण एवढी पोरं पास झाल्यावर आयटीआयला येणार कोण?

एका मे महिन्यात त्यांनी मला सोबत घेतलं. 'बाईमाणूस बरोबर असलं की लोक निदान पाणी तरी विचारतात' हा त्यांचा हिशोब. पहिल्याच घरी सरांनी विषय काढला, तशी त्या घरातली बाई पदराला हात पुसत म्हणाली, "सरांनू, तुमी घर चुकलात. आमचो झील पास झालो!"

सर उठले. वाटेत कळलं, की वाडीच्या टोकाला एक मुलगा इंग्रजीत राहिलाय. सरांचा चेहरा उजळला. जुलैत परत परीक्षा देईल, पास होईल, आपल्याला एक ॲडमिशन! लगबगीनं तिकडं गेलो. मुलाचे वडील पडवीत सुपारी कातरत बसले होते. सरांनी डिझेलचा कोर्स, बोटींची इंजिनं, रिक्षा, ट्रॅक्टर, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले,

"सरांनू, माझो झील नापास झालो ह्या खरा. पण इतकोय वाया जावक नाय!"

*

आमचा एक जुना विद्यार्थी नितीन. डिझेल पास झाला आणि कट्ट्यातच त्यानं गॅरेज टाकलं. कामाला वाघ! पण लग्न काही जमेना. मुलीकडचे विचारायचे, मुलगा मुंबईत कुठं असतो? मुंबईत नसतोच म्हटलं, की चहा न घेताच उठायचे. त्याचा शाळेतला, बी.ए. झालेला मित्र मुंबईत कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर बसायचा, त्याचं लग्न कधीच उरकलं होतं. नितीनच्या आईनं देवाला नारळ देऊन देऊन माडाची झाडं रिकामी केली!

शेवटी वेंगुर्ल्याकडचं एक स्थळ आलं. मुलीचा मामा न सांगताच गॅरेज बघायला हजर. नितीन ट्रकखाली आडवा, फक्त पाय बाहेर. मामानं त्या पायांना विचारलं, "मालक खंय आसत?"

नितीन वैतागलेला होता, त्यात नट गंजलेला. आतूनच ओरडला, "थांबा जरा, घाई आसा तर दुसऱ्या गॅरेजीत जावा!" आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की आज कुणीतरी येणार असं आई म्हणत होती. दुसऱ्या बाजूनं सरपटत निघाला, मागच्या मोरीत हातपाय घासले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि पुढच्या दारानं केस नीट करत हजर झाला. "नमस्कार, या, बसा."

मामा खूश! गॅरेज बघितलं, सरबत घेतलं, घरचीदारची चौकशी केली. जाताना नितीनच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "पोरगो म्हणान तुमी आमका पसंत आसात. फक्त तो गाडयेखालचो माणूस लग्नाआधी काढून टाका. लय उद्धट आसा!"

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मामाला खरं कधी कळलं ते मला माहीत नाही, पण मुलगी मात्र पहिल्या दिवसापासून हसते आहे.

*

मध्यंतरी देशभर एकच अभ्यासक्रम आला. कल्पना चांगलीच होती. मालवणच्या पोराला आणि हिमाचलच्या पोराला तीच संधी मिळावी, कुणाच्या सर्टिफिकेटला कुणी हिणवू नये. मी तर तोंड भरून कौतुक केलं. फक्त त्या पुस्तकात एक धडा होता, बर्फाळ हवेत थंड पडलेलं इंजिन कसं चालू करावं. आणि त्याचं प्रात्यक्षिक सक्तीचं!

आमच्याकडे जानेवारीतसुद्धा पंखा लागतो. पोरं विचारायला लागली, "सर, थंडी खंयसून हाडूची?"

दुसरा कुणी असता तर त्यानं धडा वाचून दाखवला असता आणि पुढं गेला असता. परब सरांनी शिपाई भिकूला टेम्पो देऊन मालवणच्या जेटीवर पिटाळलं. मासळीवर घालतात तो बर्फ भरून टेम्पो आला. सगळ्या तुकडीनं मिळून इंजिन बर्फात पुरलं, वरून गोणपाटं टाकली. ते इंजिन असं गारठलं, की खरोखरच चालू होईना! मग हीटर प्लग तापवून, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम, एकेका पोरानं ते चालू केलं. काय तो आनंद! ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त गोळ्यात खाल्ला होता, ती पोरं बर्फातल्या इंजिनावर टाळ्या पिटत होती. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले. इंजिन तापलं आणि त्यांचा चेहरा बदलला. नाक मुरडत त्यांनी विचारलं, "सर, हा वास कसला?"

इंजिनाच्या फटीफटीत बांगड्याचं पाणी मुरलेलं! परब सर म्हणाले, "कोल्ड स्टार्टचा."

*

एकदा मुंबईहून एक तज्ज्ञ मार्गदर्शनाला आले. सूट, टाय, लॅपटॉप. आमच्या हॉलमधल्या पंख्याखाली घामानं निथळत त्यांनी उत्पादकता हा विषय समजावला. देशाची प्रगती तुमच्या हातांत आहे, जपानमधला कामगार कसा एक मिनिट वाया घालवत नाही, आपण सणासुदीला किती रजा काढतो, असं बरंच काही. पोरं मन लावून ऐकत होती. निदान झोपली तरी नव्हती.

शेवटी त्यांनी पुढच्या बाकावरच्या एकाला उभं केलं. "सांग बघू, पाच वर्षांनंतर तू स्वतःला कुठे बघतोस?"

पोरगा विचारात पडला. छताकडे बघितलं, मित्राकडे बघितलं. "सर, गणपतीत काय इतर वेळेक?"

"म्हणजे?"

"इतर वेळचा सांगूक येवचा नाय. दुबयत आसान, पुण्यात आसान, नायतर हंयच आसान. पण गणपतीत घराक!"

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. तज्ज्ञांना वाटलं भाषण संपलं, तेही नमस्कार करून खाली बसले.

*

आता रेश्मा. डिझेलच्या तुकडीतली पहिली मुलगी.

ती आली वडिलांबरोबर, शिवणाच्या वर्गासाठी. घरची भातशेती, थोडे काजू. शिवणाच्या जागा भरत आल्या होत्या आणि डिझेलच्या रिकाम्या. परब सर खिडकीतून आशाळभूतपणे बघत होते. मी सहज विचारलं, "शिवण आवडतं का गं?" ती म्हणाली, "मॅडम, माका एका जाग्यार बसाक होना नाय. माका डिझेलाक घाला."

वडील उडालेच! "खुळावलस काय गो? इंजिनाक हात लावलंस तर तुझा लगीन कसा होतला?"

परब सर तोवर आत येऊन पोचले होते. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिलं. वडील माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमीच सांगा. ह्यां काय चेडवाचा काम आसा?"

मी म्हटलं, "नांगरणीला काय वापरता?"

"पॉवर टिलर."

"आणि तो चालू कोण करतं?"

त्यांनी मुलीकडे बघितलं. रेश्मा जमिनीकडे बघत हसायला लागली. वडील म्हणाले, "हीच करता. बंद पडलो तर खोलता पण हीच. पण तां घराकडे, मॅडम! लोकांसमोर नाय!"

मला असा राग आला! त्या बिचाऱ्या माणसाचा नव्हे, त्या 'लोकांसमोर'चा. जे काम मुलगी रोज करते, त्याचा कागद तिला मिळू नये, कारण कागद लोकांना दिसतो. मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही. पण भिकूच्या म्हणण्याप्रमाणे माझा आवाज बाजारापर्यंत गेला होता आणि रेश्माच्या बापानं मुकाट्यानं सही केली.

वर्कशॉपचा बॉयलर सूट पोरांच्या मापाचा. तो रेश्माच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायचा. शिवणाच्या मुलींनी तो एका दुपारी उसवून तिच्या मापाचा करून दिला. वर खिशावर अबोलीचा वळेसर, म्हणजे आमच्याकडचा गजरा, काढला, भगव्या रेशमानं! परब सरांनी तो वळेसर बराच वेळ निरखला. सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार.

"तेल लागला तर धुवाचा कसा?" एवढंच म्हणाले.

*

जेटीवरच्या ट्रेनिंगला तुकडी गेली, रेश्मासाठी मीही सोबत होते, तेव्हा एका बोटमालकानं तिला बोटीवर चढायच्या फळीवरच अडवलं. म्हातारा, कानात भिकबाळी, आवाज समुद्रावर कमावलेला. "बाकीचे येवंदेत. ह्यां चेडू बोटीर चडाचा नाय. आमच्यात चलत नाय."

परब सर विनवण्या करायला लागले. त्यांना भांडण परवडणारं नव्हतं, जेटीवरचं ट्रेनिंग बंद झालं तर तुकडीच्या विरोधात आणखी एक मुद्दा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. रेश्मानं पान्यांची पिशवी खाली ठेवली आणि जेटीच्या कठड्यावर ऐसपैस बसली.

"बरा तर आजोबा. मी नाय चडणय. इंजिन हंय हाडा."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. बोट बंद पडून तीन दिवस झाले होते, मोसम ऐन भरात, शेजारच्या बोटी भरभरून येत होत्या. त्यानं एकदा बोटीकडे बघितलं, एकदा इंजिनाच्या त्या धुडाकडे. मग बंडीच्या खिशातून विडी काढली आणि आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"मी काय बघूक नाय," म्हणाला.

संध्याकाळी इंजिन धडधडलं तेव्हाही तो तसाच उभा होता. फक्त निघताना त्यानं रेश्माच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या दोन मोठ्या सुरमया ठेवल्या, त्याही दुसरीकडे बघतच!

*

आणि आता तो दसरा.

तुकडी बंद करायचं त्या वर्षी जवळजवळ ठरलंच होतं. वरच्या ऑफिसातून एक साहेब शेवटची पाहणी करायला यायचे होते. रेश्माची धाकटी बहीण दहावीला होती, तिला डिझेललाच यायचं होतं, आणि या खेपेला बाप स्वतःहून 'हो' म्हणाला होता. तिच्यासाठी तरी तुकडी राहू दे, म्हणून रेश्मा आठवडाभर वर्कशॉप घासत होती. परब सरांचं जेवण सुटलं होतं.

साहेब आले ते नेमके दसऱ्याच्या आदल्या दिवशी. उंच, चष्मा, शर्टाला एक सुरकुती नाही. भाषा इतकी शुद्ध, की आमचे प्राचार्य सोलापूरचे, तेही अडखळायला लागले. "या व्यवसायाची व्यवहार्यता तपासावी लागेल." "पटसंख्या समाधानकारक नाही." "भावनेला येथे स्थान नाही." साहेब मूळचे कुठले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सोलकढी पुढं केली, तर "नको, धन्यवाद." सगळं बघून झाल्यावर परब सरांना ते हळू आवाजात म्हणाले, "माफ करा सर, परंतु निर्णय कठीण नाही." सरांनी खिशातलं फडकं काढलं आणि कपाळ पुसत राहिले.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून वर्कशॉपमध्ये त्याच दिवशी हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, हातोड्या, व्हर्निअर, मधोमध ते इंजिन, त्याला झेंडूची माळ. प्राचार्य म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं थांबा, प्रसाद घेऊन जा." साहेब घड्याळ बघत मागे उभे राहिले.

आमच्याकडे पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्यामागे 'होय म्हाराजा' म्हणायचं. दरवर्षी हे काम भिकूचं, आणि त्या दिवशी नेमका त्याचा घसा बसलेला! पोरं एकमेकांच्या मागे लपायला लागली. भिकूनं रेश्माला खुणेनं पुढं बोलावलं. तिचा आजा गावात गाऱ्हाणं घालायचा, तिला ऐकून ऐकून पाठ.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बायल माणूस गाऱ्हाणा घालता?"

भिकू बसलेल्या घशानं खेकसला, "देव ऐकता रे! तो काय बघूक बसता?"

रेश्मा पुढं आली. हात जोडले, डोळे मिटले. आम्हीही मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या वर्कशॉपात तुझ्या लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जेच्या हातान इंजिन खोल्ला, तेच्याच हातान ता जोडून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जेंका मुंबयक जावचा आसा, तेंका मुंबयत जागो दी. जेंका हंयच रवाचा आसा, तेंका हंयच काम दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पत्रे थरथरले. परब सरांचा आवाज चिरकला होता.

"माझ्या पाठसून जी चेडवा येवची आसत, तेंका वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

रेश्मा थांबली. श्वास घेतला. आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाली,

"आणि जो कोण हो वर्ग बंद करूक इलो आसात, तेच्या मनातसून तो इचार काढून टाक रे म्हाराजा!"

या वेळी कुणी 'होय' म्हणेना. पोरांच्या माना खाली. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक. परब सरांनी फडकं तोंडावर धरलेलं. कुणाची हिंमत होणार?

तेवढ्यात मागून एक आवाज आला. खणखणीत, एकट्याचा. मी वळून बघितलं. साहेब हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभे होते.

"होय म्हाराजा!"